कारणाचा रकाना

सव्वीस वर्षं मी खिडकी क्रमांक तीनमागे बसले,
केंटकीच्या डोंगरात, जिथे खाण बंद पडली
आणि तिच्या नावाचं हॉटेल तेवढं चालू राहिलं.
माझं काम : पोरांच्या आरोग्यकार्डांचं नूतनीकरण.
म्हणजे खरं तर
कोणाचं झालं नाही ते पाहणं.

संगणकात एक रकाना होता, कारणाचा.
त्यात आकडा भरायचा.
वय उलटलं, एक. राज्य सोडलं, दोन.
मृत्यू, चार. तीन काय होतं, आता आठवत नाही.
आणि सात : प्रतिसाद नाही.
सात मी इतक्यांदा दाबला
की कळफलकावरून तो पुसला गेला,
बोटाला मात्र न बघता सापडायचा.

रोनेल प्रुइटच्या मुलाला मी सात दिला
मार्चमधल्या एका मंगळवारी, जेवणाच्या सुट्टीआधी.
टोबिन, वय सहा, दमा.
बारा पानांचा फॉर्म आम्ही पाठवला होता
ट्रेलर नंबर नऊच्या पत्त्यावर.
ट्रेलर नंबर नऊ आदल्या जुलैत ओढ्याने नेला,
दारासकट, टपालपेटीसकट.
पेटी दोन मैलांवर सापडली, आत चिखल,
झाकण नीट लावलेलं.

पूरमदतीचं टेबल आमच्याच मजल्यावर,
तिथे रोनेलचा नवा पत्ता होता.
धान्यमदतीचा पडदा माझ्याच संगणकात,
तिथे तिचा पगार होता, गेल्या महिन्याचा, सेंटासकट.
एकाच काचेआड दोन पडदे,
सख्ख्या शेजारणी, बोलचाल बंद.
आणि मी तिला टपालाने विचारत होते :
बाई, तू अजून गरीब आहेस का? पुरावा जोड.

तिला कळलं ते औषधाच्या दुकानात.
पंप हवा तर रोख, काउंटरवरचा पोरगा म्हणाला,
शाळेत तिच्याच वर्गात होता,
मान खाली घालून म्हणाला.

ती माझ्या खिडकीशी आली, टोबिन कडेवर.
सहा वर्षांचं पोर कडेवर,
कारण चाललं की धाप लागायची.
त्याच्या छातीतली शिट्टी मला काचेतून ऐकू येत होती,
किटली उकळू लागायच्या आधी वाजते तेवढीच, बारीक.
हातच्या काकणाला आरसा कशाला!
पण मी आरसा मागितला. जन्मदाखला. पगाराच्या चार चिठ्ठ्या.
मालकाची सही. मालक टेनेसीत.
ती एवढंच म्हणाली, "मी नाही म्हटलंच नव्हतं.
मला कोणी विचारलंच नाही."

त्या संध्याकाळी मी घरी जाऊन भांडी घासली.
दुसरं काही केलं असतं तर इथे लिहिलं असतं.

कार्ड परत मिळालं एकोणपन्नास दिवसांनी.
त्यातले चार टोबिनने इस्पितळात काढले.
त्या चार दिवसांच्या बिलात पंप किती आले असते
याचा मी एकदा भागाकार मांडला,
उत्तराआधीच कागद फाडला.

पुढे नियम बदलला. कोण भांडलं, कोणी सही केली,
ते आमच्यापर्यंत पोचत नाही.
आमच्यापर्यंत एक सोमवार पोचतो
आणि नवा पासवर्ड.
आता एक पडदा दुसऱ्याला रात्रीच विचारून घेतो.
कार्ड मिळालं की वर्षभर टिकतं,
आईला दोन तास जादा काम मिळालं म्हणून तुटत नाही.
बारा पानांचं एक झालं, तेही भरायचं नाही, वाचायचं :
चूक असेल तरच कळवा.
सात अजून आहे यादीत. नवीन कळफलकावर
तो काळाकुळीत, ठसठशीत दिसतो.

निवृत्तीच्या आठवड्यात रोनेलचा फोन आला.
"पत्र आलंय. काय काय पाठवू?"
"काही नाही."
"पगाराच्या चिठ्ठ्या?"
"नकोत."
"दाखला तरी?"
"नको. झालंय. वर्षभरासाठी."
बराच वेळ ती बोलली नाही. मागे कुत्रं भुंकत होतं
आणि कोणीतरी त्याच्यामागे जिन्यावरून धावत होतं,
वर, खाली, पुन्हा वर.
मग ती म्हणाली, "काही नको,
हे मला लिहून द्याल का?
सही-शिक्क्यासकट."

दिलं.